नोराबाईंच्या कुरणाला खत

गुरुनाथ वाळिंबेला झाडांतलं कळतं याबद्दल पुण्यात कुणाला शंका नव्हती. त्याला स्वतःला तर नव्हतीच नव्हती. कर्वेनगरच्या गच्चीवर त्यानं पत्र्याच्या पिंपात चिकू लावला होता, आणि त्याला चिकू आले होते. रंगाच्या रिकाम्या डब्यांत पिकवलेली वांगी तो शेजाऱ्यांकडे न मागता पोचती करायचा आणि ‘विकतच्या वांग्यांना ही चव नाही हो’ हे ऐकल्याशिवाय त्यांच्या दारातून हलायचा नाही. सुट्टीच्या दिवशी दोन-चार लोक सल्ला विचारायला येत. सल्ला ठरलेला: जीवामृत घाला. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर बांधावरची माती पाण्यात कालवायची, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायची आणि मुळाशी ओतायची. कुणाचा गुलाब रुसलेला असो की कुणाचा कढीपत्ता, औषध एकच.

पुढे नोकरीनं त्याला आयर्लंडात आणलं. एनिसला भाड्याचं घर, शॅननच्या कारखान्यात वैद्यकीय उपकरणं तपासायचं काम, रोजचा अर्ध्या तासाचा गाडीप्रवास. माणूस परदेशी जाताना लोणची-पापड आणतो. यानं ते आणलेच, शिवाय आपल्याला झाडांतलं कळतं ही खात्रीही आणली. ती काही विमानतळावर कुणी काढून घेतली नाही.

त्याच्या परसाच्या मागे दगड रचून केलेलं कुंपण होतं आणि पलीकडे नोरा कॉन्सिडाइन या बाईंचं घर. वय चौऱ्याऐंशी, एकट्या, काटक, बोलायला फटकळ. आईच्या वयाच्या बाईला नुसतं ‘नोरा’ म्हणायला गुरुनाथच्या जिभेला जमेना, म्हणून तोंडावर मिसेस कॉन्सिडाइन आणि घरात नोराबाई. त्यांच्या घरामागे पाचेक गुंठ्यांचं कुरण होतं. कधी नांगर न लागलेलं, नुसतं गवत आणि त्यात आपोआप येणारी रानफुलं. नोराबाई त्या कुरणाकडे असं बघायच्या की आपण उगाच मधे उभे आहोत असं वाटावं.

दोन हजार वीसच्या जानेवारीत नोराबाई स्वयंपाकघरात पडल्या. खुबा मोडला. इस्पितळातून त्यांना थेट वृद्धांच्या शुश्रूषागृहात हलवलं, थोडे दिवस म्हणून. गुरुनाथ आणि त्याची बायको माधवी भेटायला गेले तेव्हा नोराबाईंनी उशीखालून कुरणाच्या फाटकाची किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

“एकच सांगते,” त्या म्हणाल्या. “जुलै संपता संपता गवत काप, आणि कापलेलं सगळं उचलून बाहेर ने. बाकी काहीएक करू नकोस.”

“अगदी निश्चिंत असा,” गुरुनाथ म्हणाला. काहीएक न करणं हे त्याच्या स्वभावात कुठेच बसत नव्हतं, हे त्या बिचारीला काय ठाऊक?

फेब्रुवारीत माधवी पुण्याला गेली. वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. महिनाभरात येते म्हणाली. मार्चमध्ये विमानं बंद झाली. पुढे मधूनमधून सुरूही झाली, पण तोवर वडिलांना तिच्याशिवाय कुणाच्या हातचा घास चालेनासा झाला होता. मुलगी रेवा कॉर्कला, औषधांच्या कंपनीत. गाडीनं दोन तास, पण घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, मग पाच, मग थोडी मोकळीक मिळाली तर रेवालाच सुट्टी नाही, मग पुन्हा पाच. कारखान्यानं त्याला घरून काम दिलं. एवढं मोठं घर आणि त्यात एक माणूस. कुकरच्या शिट्ट्या तो मोठ्यानं मोजायला लागला, तेवढाच घरात आवाज. एकदा भात लावताना सवयीनं दोघांचा लावला आणि मग तोच भात दोन दिवस खाल्ला. मीटिंगमध्ये लोक “हाऊ आर यू” विचारत, हा “ग्रँड” म्हणे, आणि तेवढ्यावर आटपे.

खरं बोलणं आठवड्यातून एकदा व्हायचं. रविवारी दुपारी चारला नोराबाईंचा फोन यायचा. शुश्रूषागृहात भेटी बंद होत्या. भाची ब्रिजेट गॉलवेला अडकलेली. नोराबाईंना दुसरं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गुरुनाथलाही नव्हतं. माधवीचा रोज व्हिडिओ कॉल यायचा, नाही असं नाही. पण तिच्यामागे वडिलांची हाक, नर्सची घाई, कुकर, दाराची बेल. तिच्याशी बोलून झालं की याला आपलं घर आणखीनच सुनं वाटायचं. नोराबाईंना मात्र सगळी फुरसत होती.

“काय उगवलंय?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मग तो कुंपण ओलांडून, फोन कानाला लावून कुरणभर फिरायचा आणि दिसेल ते सांगायचा. पिवळी घंटेसारखी, मान खाली घातलेली. “काऊस्लिप.” पांढऱ्या पाकळ्या, पिवळा डोळा, गुडघ्याएवढी. “ऑक्सआय डेझी.” जांभळं, झिपरं, काटेरी वाटतं पण टोचत नाही. “नॅपवीड, पण ते इतक्यात कसं? नीट बघ.” आणि एक फूटभर उंचीचं पिवळं झुडूप, वाळलं की बोंडात बिया वाजतात. गुरुनाथनं त्याचं नाव खुळखुळा ठेवलं. नोराबाईंचा जीव त्यातच. खुळखुळा गवताच्या मुळांतून रस ओढतो, गवताला माजू देत नाही, म्हणून बाकीच्या फुलांना जागा मिळते, असं त्यांनी चार-पाचदा सांगितलं. गुरुनाथनं चार-पाचदा ‘हो हो’ म्हटलं. ऐकणं म्हणजे काय ते त्याला या जन्मी कुणी शिकवलं नव्हतं.

त्याचं डोकं भलतीकडेच चाललं होतं. जूनमध्ये कुरण फुललं तेव्हा तो हरखला खरा, पण वाकून माती हातात घेतली आणि त्याचं तोंड वाकडं झालं. फिकी, कोरडी, नुसता चुनखडा. गवत विरळ. झाडं केवढीशी! या मातीला कुणी वर्षानुवर्षं चमचाभर खत घातलेलं नाही हे त्याला लगेच कळलं. उपाशीपोटी ही इतकी फुलतात, मग पोटभर मिळालं तर काय करतील? नोराबाई घरी येतील तेव्हा त्यांना असं कुरण दाखवायचं की बाईंनी तोंडात बोट घातलं पाहिजे. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला सकाळी उठायला कारण मिळालं.

जुलैअखेर त्यानं गवत कापलं. उचललं मात्र नाही. गच्चीवर बारा वर्षं सुकं पान बाहेर टाकलं नव्हतं त्यानं, शेजाऱ्यांचा पालापाचोळा मागून आणायचा. कापलेलं सोनं काय उचलून नेऊन टाकायचं? सगळं जागच्या जागी पसरलं, छान जाड आच्छादन केलं. रविवारी नोराबाईंनी विचारलं, “उचललंस?”

“उचललं,” तो म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला कशाला समजावत बसायचं, असं त्याला वाटलं.

सप्टेंबरात त्यानं जीवामृताला हात घातला. रस्त्याच्या वळणावर मायकल नावाच्या शेतकऱ्याच्या तीस-चाळीस गायी होत्या. तिथून बादल्या भरून शेण आणलं. शेण आणि मूत तिथल्या टाकीत एकत्रच मिळालं, ही सोय पुण्यातही नव्हती. गूळ-बेसन गावातल्या आशियाई दुकानातून. थंडीत मिश्रण आंबेना म्हणून पिंप घरात बॉयलरच्या खोलीत ठेवलं आणि सगळ्या घराला गोठ्याचा वास सुटला. पोस्टमन दारात आला की दोन पावलं मागे व्हायचा. त्या दिवसांत सगळेच मागे व्हायचे, त्यामुळे गुरुनाथच्या ते लक्षात आलं नाही. मायकलला त्यानं सगळी कृती समजावून सांगितली. तो टोपी मागे सारून हसला. “तुझं गवत फक्कड येणार बघ,” म्हणाला. गुरुनाथला तो आशीर्वाद वाटला. ऑक्टोबर उजाडेपर्यंत आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये, दर पंधरवड्याला त्यानं झारीनं पाच गुंठ्यांना जीवामृत पाजलं. पाठ धरायची, पण मनाला बरं वाटायचं. कुणाला तरी खाऊ घालतोय असं वाटायचं.

दोन हजार एकवीसच्या जानेवारीत नोराबाईंना लस मिळाली. त्यांच्या शुश्रूषागृहातल्या अकरा जणी त्याआधीच गेल्या होत्या. हे त्या एकाच वाक्यात बोलल्या आणि लगेच विषयावर आल्या. “वॉकर घेऊन चालते मी आता. डॉक्टर म्हणतात, ब्रिजेट येऊन राहिली तर घरी जायला हरकत नाही. जूनला येते. खुळखुळा फुलला की मी घरी. तोवर मरायचं नाही असं ठरवलंय.”

“वाट बघतो,” गुरुनाथ म्हणाला.

एप्रिलमध्ये कुरण असं हिरवं झालं की बघत राहावं. गर्द, तेलकट, दाट. गुरुनाथनं माधवीला फोनवर दाखवलं. ती मास्क नाकावर ओढत म्हणाली, “छान आहे हो. इथं कालपासून बाबांना ऑक्सिजन लावलाय.” त्यानं फोन खाली केला. बाबा त्यातून वाचले, पण माधवीचं येणं आणखी लांबलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात नोराबाईंनी विचारलं, “खुळखुळा आला का वर?”

गुरुनाथ गवत हातांनी बाजूला करत होता. मांडीपर्यंत गवत, त्यात खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल्स, पंज्याएवढ्या पानांचं डॉक नावाचं तण. खाली मागच्या वर्षीच्या आच्छादनाचा कुजलेला थर, आणि त्यातून काही म्हणता काही उगवलेलं नव्हतं. काऊस्लिप तीन. डेझी एका कोपऱ्यात, गवतात मान अडकलेली.

“आलाय,” तो म्हणाला.

“किती?”

“पुष्कळ.”

दहा मेपासून जिल्ह्याबाहेर जायला परवानगी मिळाली आणि त्याच आठवड्यात शनिवारी रेवा कॉर्कहून आली. सव्वा वर्षानं बापलेक भेटले. तिनं मिठी मारली, तेव्हा आपल्याला शेवटचं कुणी कधी शिवलं होतं ते त्याला आठवेना. चहा झाल्यावर तिला त्यानं कुरणावर नेलं. ती फाटकातच थांबली.

“बाबा, हे मेडो आहे ना? वाइल्डफ्लॉवर मेडो? याला तुम्ही खत घातलंत?”

“जीवामृत. खत नव्हे.”

“बाबा, प्लीज. यांना गरीब माती लागते. माती रिच झाली की गवत माजतं आणि फुलं मरतात. म्हणून तर कापून उचलून न्यायचं असतं. त्या आजींनी सांगितलं नव्हतं तुम्हाला?”

सांगितलं होतं. एकदा नव्हे, दहादा. गुरुनाथ तिथल्या दगडावर बसला.

महिनाभर त्यानं काय केलं नाही! हातानं गवत उपटलं. चार बोटांना फोड आले आणि खोलीएवढी जागा झाली. बागकामाच्या दुकानातून डेझीच्या बारा कुंड्या आणून फाटकाशी पुरल्या, लांबून पाहिलं, लग्नाच्या मांडवाबाहेर मांडल्यासारख्या ओळीत दिसत होत्या. स्वतःचीच लाज वाटली, उपटून परत आणल्या. खुळखुळ्याचं बी आता पेरून उपयोग नव्हता, त्याला आधी एक हिवाळा मातीत काढावा लागतो. आणि दर रविवारी चारला फोन वाजत होता. दर वेळी तो मनाशी ठरवायचा, आज सांगून टाकायचं. नोराबाई म्हणायच्या, “माझ्या खोलीतून भिंत दिसते रे नुसती. तू सांगतोस त्यावर मी आठवडा काढते.” मग तो सांगायचा. मागच्या वर्षीचे फोटो समोर धरून, फुलाफुलानं. खरं बोललो तर हा फोन बंद होईल, आणि मग रविवार कसा जायचा? लाज होतीच, पण लाजेहून ही भीती मोठी होती.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ब्रिजेटनं नोराबाईंना आणलं. घरात अंथरुणं घातलेली, खिडक्या उघडलेल्या, जिन्याला नवा कठडा. ब्रिजेट म्हणाली, आधी आत जाऊन चहा घेऊ. नोराबाई म्हणाल्या, आधी मागे. वॉकर टेकत, प्रत्येक चार पावलांना थांबत त्या फाटकापर्यंत आल्या. दीड वर्षात निम्म्या झाल्या होत्या. गुरुनाथ फाटकाशी उभा होता. पळून जावंसं वाटत होतं. गेला नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

नोराबाईंनी कुरणाकडे पाहिलं. वाऱ्यानं गवत आडवं होत होतं. दुसरं काहीच नव्हतं त्यात.

“तू याला खायला घातलंस,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“काय?”

त्यानं सगळं सांगितलं. शेण, गूळ, बेसन. आच्छादनाचंही सांगितलं. गूळ म्हणजे काय ते ब्रिजेटनं विचारलं, साखरेसारखाच असतो असं तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

“माझ्या आईकडे याला घालायला काही नव्हतंच,” नोराबाई म्हणाल्या. “एक गाय. तिचं शेण बटाट्याला लागायचं. इथलं गवत कापून गायीला न्यायचं, दरवर्षी. आम्ही याच्याकडून घेतच राहिलो, दिलं कधीच काही नाही. म्हणून ते फुलायचं.” मग त्या त्याच्याकडे वळल्या. “ते जाऊ दे. मी विचारलं तेव्हा तू हो म्हणालास. दर रविवारी.”

“खरं सांगितलं असतं तर तुम्ही फोन केला नसता,” गुरुनाथ म्हणाला. “मला दुसऱ्या कुणाचा फोन येत नव्हता, म्हणजे तसा. मी एकटा होतो.”

“मी पण एकटीच होते,” त्या म्हणाल्या.

मग नोराबाईंनी वॉकर उचलून फिरवला. परत नीट व्हायला किती लागेल, असं त्यानं पाठीमागून विचारलं. “दरवर्षी कापून उचललंस, आणि वर काही टाकलं नाहीस, तर सहा वर्षं. सात.” दोन पावलं टाकून म्हणाल्या, “मी तेव्हा एक्याण्णवची असेन, ब्याण्णवची.” ब्रिजेटनं घराचं दार उघडलं, पण नोराबाई गाडीकडे गेल्या. “जिने चढायला आणि शेगड्या पेटवायला येत नव्हते मी,” त्या ब्रिजेटला म्हणाल्या. “हे बघायला येत होते. चल परत.” ब्रिजेटनं दोनदा समजावलं. मग तिनं खिडक्या लावल्या, घरातली अंथरुणं काढली, आणि गाडी गेली.

त्या रविवारी चारला फोन वाजला नाही. पुढच्याही नाही. गुरुनाथ फोन समोर ठेवून बसायचा आणि साडेपाचला उठून भात लावायचा.

जुलैअखेर त्यानं गवत कापलं आणि या वेळी काडीन् काडी उचलली. ओलं, जड, सोळा दिवस लागले. मायकलच्या गायींना नेऊन घातलं. कंबर एवढी धरली की जिना उतरताना तो बसून उतरायचा. मग कापलेल्या कुरणाचा फोटो कागदावर छापून घेतला आणि शुश्रूषागृहात गेला. तोंडाला मास्क, हात धुतलेले, आत सोडतील की नाही ठाऊक नाही. नोराबाईंनी येऊ दिलं. भिंतीसमोर बसल्या होत्या. फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. गुरुनाथला वाटलं, आता काहीतरी बोलतील, मागचं सोडून देतील.

“अजून उघडं हवं,” त्या म्हणाल्या आणि फोटो परत दिला. “माती दिसली पाहिजे.”

म्हणून ऑगस्टच्या एका दुपारी तो दाताळं घेऊन कुजलेलं आच्छादन खरवडत होता, तेव्हा माधवीचा कॉल आला. वडील झोपले होते, नर्स आली होती, आज तिला खरोखरच वेळ होता. त्यानं फोन फिरवून कुरण दाखवलं. पिवळं पडलेलं, ओरबाडल्यासारखं, जागोजाग फिकी माती वर आलेली.

“अगं बाई,” माधवी म्हणाली. “किती उपाशी दिसतंय हो ते. थोडं काहीतरी घाला की त्याला.”

“नाही. काही घालायचं नाही. दरवर्षी कापायचं आणि उचलून न्यायचं, बास.”

“असं किती वर्षं?”

“सहा. सातही लागतील.”

माधवी हळूच म्हणाली, “अहो, तुम्ही तीन वर्षांनी रिटायर होताय. पुण्याला कायमचं यायचं ठरलंय ना आपलं?”

तिला आपण दिसू असा गुरुनाथनं फोन कुंपणाच्या दगडाला टेकवून ठेवला आणि उरलेलं खरवडायला घेतलं. तिनंही फोन ठेवला नाही, नर्स हाक मारीपर्यंत ती बघत राहिली.